अंगठ्याचा भाव

शेलूबाजारात सोयाबीनचा भाव रोज खालीवर होतो. माणसाच्या अंगठ्याचा भाव मात्र कामगार भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत पक्का बसलेला: कमावण्याच्या ताकदीच्या ३० टक्के. तर्जनी १४, करंगळी ७. ओलावा दाखवून भाव पाडत नाहीत, एवढंच बरं.

परदेशात दर चांगला, असं ऐकून पोरं निघतात. अमेरिकी लष्करी तळांवर ठेकेदाराकडे राबणारा माणूस कुठल्याही देशाचा असो, १९४१ च्या डिफेन्स बेस ॲक्टनुसार त्याचा विमा ठेकेदारानं काढायचा. अंगठा गेला तर ७५ आठवडे दोन-तृतीयांश मजुरी. इराकमधल्या तळांवर आपली माणसंही स्वयंपाकघरात राबली. फक्त एक बारीक कलम आहे. जखमी माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसला, तर पुढचे सगळे हप्ते एकरकमी मिटवता येतात, तेही निम्म्यात! बोटं मोजली पूर्ण, पैसे अर्धे.

आपलं सरकारही उदार. ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवर आखातात जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना: दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गानं मुंबई गाठायचा टोल यापेक्षा जास्त पडतो. आणि एजंटानं टुरिस्ट व्हिसावर धाडलं असेल, तर हा विमाही नाही.

एजंटाला विचारा, तिकीट, पगार, ओव्हरटाइम सगळं तोंडपाठ. क्लेम कुठं करायचा म्हटलं, की त्याच्या फोनची रेंज जाते.