झाकली मूठ पन्नास कोटींची

एप्रिल २०१४. सोनीने जाहीर केलं, प्लेस्टेशन ४ची विक्री ७० लाखांवर गेली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनेही छाती फुगवली, एक्सबॉक्स वन ५० लाख. गेम खेळायची ही दोन्ही यंत्रं आदल्या नोव्हेंबरात बाजारात आलेली. म्हणजे फरक सरळ २० लाखांचा, असं तुम्ही म्हणाल.

म्हणू नका. सोनीचे ७० लाख गिऱ्हाइकांच्या हातात पडले होते. मायक्रोसॉफ्टचे ५० लाख दुकानदारांपर्यंत पोचले होते. त्यातले किती तिथेच फळीवर धूळ खात बसले होते, ते दुकानदार जाणे.

हापूसच्या पाच हजार पेट्या वाशीच्या मार्केटात दलालाच्या गाळ्यावर उतरवायच्या आणि गावात येऊन सांगायचं, मुंबईकरांनी पाच हजार पेट्या फस्त केल्या! गाव हसेल. गुंतवणूकदार मात्र वहीत लिहून घेतात.

यात बेकायदा काही नाही बरं का. दुकानदाराने माल घेतला, बिल फाटलं, की हिशेबाच्या नियमाने विक्री झाली. तिमाही निकालांत सोनीही असंच मोजते, निन्टेंडोही असंच मोजते. गिऱ्हाईक आठवतं ते आघाडीवर असताना, प्रसिद्धीपत्रक काढायच्या दिवशी.

सोनीचा तर आणखी जुना पराक्रम आहे. मार्च २००७पर्यंतच्या तिच्या आकडेवारीत कारखान्यातून निघालेला माल मोजला जायचा. पुढच्या आर्थिक वर्षापासून पद्धत बदलली, आता प्रत्यक्ष नोंदवलेली विक्री धरू म्हणाले. कुठे म्हणाले?

तळटीपेत. आणखी कुठे?

एक्सबॉक्स ३६०चं प्रकरण याहून गोड. २००६ संपण्याआधी एक कोटी यंत्रं, असं मायक्रोसॉफ्टचं लक्ष्य होतं. डिसेंबर संपला, आकडा आला १ कोटी ४ लाख. शाब्बास! मग जून २००७ अखेरचा आकडा आला, १ कोटी १६ लाख. पूर्ण सहा महिन्यांत भर पडली १२ लाखांची. डिसेंबरात दुकानदारांच्या घशाखाली किती माल उतरवला होता, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

निदान तेव्हा आकडा तरी मिळत होता.

ऑक्टोबर २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टला साक्षात्कार झाला. किती यंत्रं विकली हे यशाचं खरं माप नाहीच मुळी. खरं माप म्हणजे महिनाभरात एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर किती लोक आले ते. त्या तिमाहीत ३ कोटी ९० लाख आले. यंत्रांचा आकडा मखरातून उठला आणि थेट अडगळीत गेला.

या युक्तिवादात तथ्य आहे, हेही कबूल करू. कॉन्सोल बहुतेकदा जेमतेम खर्चात किंवा तोट्यातच विकतात. कमाई होते ती गेममधून, वर्गणीतून, दुकानाच्या कमिशनमधून. यंत्र घेऊन माळ्यावर टाकणाऱ्यापेक्षा रोज खेळणारा कंपनीला जास्त प्रिय. सगळं पटलं.

पण हे शहाणपण प्लेस्टेशन ४ पार पुढे निघून गेल्यावरच कसं सुचलं?

आता मायक्रोसॉफ्ट यंत्रांबद्दल फक्त टक्के सांगते. एप्रिल ते जून २०२४, एक्सबॉक्स हार्डवेअरचा महसूल ४२ टक्क्यांनी घटला. कशाच्या ४२ टक्के? ते विचारायचं नाही. पोरगा निकालाच्या दिवशी घरी येऊन सांगतो, मार्क ४२ टक्क्यांनी कमी झाले. गेल्या वेळी किती होते, यावर अळीमिळी गुपचिळी.

सक्रिय वापरकर्त्यांचं मात्र भरघोस पीक. जुलै २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेलांनी गुंतवणूकदारांना सांगितलं, आमचे दरमहा ५० कोटींहून अधिक सक्रिय वापरकर्ते आहेत. सर्व प्लॅटफॉर्म आणि सर्व उपकरणं मिळून. ऐकायला भारदस्त. एवढे एक्सबॉक्सवाले जगात आहेत तरी कुठे?

लोकलमध्ये आहेत. समोरच्या सीटवर कँडी क्रश खेळणाऱ्या काकू त्यातल्याच. ऑक्टोबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ६,८७० कोटी डॉलर मोजून अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतली. तिच्या पोटात कँडी क्रश बनवणारी किंग होती. तीन महिन्यांनी नडेलांनीच सांगितलं, एकट्या मोबाइलवर आमचे २० कोटींहून अधिक. काकूंना पत्ताही नाही की आपण एक्सबॉक्सची लाज राखतो आहोत.

आणि एक गंमत बघा. बरोबर वर्षाने, जुलै २०२५मध्ये, पुन्हा तोच आकडा. दरमहा सक्रिय वापरकर्ते ५० कोटी. आदल्या वर्षी ‘५० कोटींहून अधिक’ होते, आता नुसते ५० कोटी.

‘अधिक’ कुठे गेलं?

त्याच बैठकीत अभिमानाने सांगितलं गेलं की त्या तिमाहीत आम्ही प्लेस्टेशनवरही पहिल्या क्रमांकाचे प्रकाशक ठरलो. फोर्झा होरायझन ५ आता प्लेस्टेशन ५वर मिळतो. खेळायचा तर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडावं लागतं. म्हणजे एकच पोरगा, एकच कंट्रोलर, एकच रविवारची दुपार, आणि दोन कंपन्यांच्या वह्यांमध्ये डोकी मोजायची सोय. जनगणनेवाल्यांनी शिकवणी लावावी.

सोनी धुतल्या तांदळासारखी आहे, असा कुणाचा समज व्हायला नको. तिच्याकडे सक्रिय वापरकर्ता मोजतात तो तिमाहीच्या शेवटच्या महिन्यातला. तोही अंदाजे. तोही खात्यांच्या हिशेबाने, माणसांच्या नव्हे. दादा, ताई आणि बाबांची वेगवेगळी खाती असतील तर तीन. खेळायलाच हवं अशीही अट नाही. नेटवर्कवरची एखादी सेवा वापरली तरी नाव लागलं.

डिसेंबर २०२४ला असे १२ कोटी ९० लाख होते. मार्च २०२५ला १२ कोटी ४० लाख. एका तिमाहीत ५० लाख गेले कुठे? कुठेच नाही. डिसेंबरात नाताळ होता, मार्चमध्ये नव्हता. पण मथळा कोणत्या महिन्याचा गाजला असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि ज्या आकड्याला नाताळही वाचवू शकत नाही, त्याचं काय करायचं?

दोन रस्ते. पहिला, धडधाकट नातेवाइकाच्या आडोशाला उभा करायचा. २०१२मध्ये सोनीची हातात धरून खेळायची प्लेस्टेशन व्हीटा धापा टाकायला लागली, तसा तिचा आकडा जुन्या पीएसपीबरोबर एकत्र छापला जाऊ लागला. घरातली मोठी बहीण कमावती, धाकटी बेकार, आणि पाहुण्यांना सांगायचं, ‘आमच्या मुलींचं छान चाललंय.’ मायक्रोसॉफ्टनेही २०१४मध्ये ३६० आणि वन यांची मोट बांधलीच होती.

दुसरा रस्ता, आकडा देणंच बंद. सोनीच्या प्लेस्टेशन प्लसचे वर्गणीदार मार्च २०२३ला ४ कोटी ७४ लाख होते. आदल्या वर्षीही नेमके तेवढेच. मधल्या काळात तीन स्तरांची नवी, महागडी योजना आणून झाली होती. तरी काटा जागचा हलला नाही. मग काट्यावरच कापड टाकलं.

मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीची वाढ मात्र दृष्ट लागावी अशी. जानेवारी २०२२मध्ये अडीच कोटी, फेब्रुवारी २०२४मध्ये ३ कोटी ४० लाख. वाहवा! फक्त मध्ये, सप्टेंबर २०२३मध्ये, एक बारसं झालं होतं. एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड नावाची जुनी वर्गणी बंद करून तिचे सभासद ‘गेम पास कोअर’ नावाने याच घरात आणले. तेही ३ कोटी ४० लाखांत धरलेत. पक्षांतर झालं, कार्यकर्ते तेच, पाटी नवी. महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जास्त समजवायची गरज नाही.

राहता राहिली निन्टेंडो. म्हातारी खोड, आकडे अजून छापते. मार्च २०२५ अखेर स्विच १५ कोटी २१ लाख. आणि वी यू नावाचं जे यंत्र सपशेल आपटलं, त्याचाही आकडा तिच्या तक्त्यात बघायला मिळतो, १ कोटी ३६ लाख. ना आडोसा, ना कापड. त्याच वी यूच्या एका वर्षाच्या विक्रीचा अंदाज जानेवारी २०१४मध्ये ९० लाखांवरून २८ लाखांवर आणावा लागला, तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्म्यावर आणला.

आपल्याकडे अशा वेळी सल्लागार नेमतात.

अर्थात तिचाही एक लाडका आकडा आहेच. ‘वार्षिक खेळणारे वापरकर्ते’. इतरांचा हिशेब महिन्याचा, हिचा बारा महिन्यांचा. वर्षातून एकदा, पाहुण्यांच्या पोरांनी हट्ट केला म्हणून मारिओ कार्ट लावलं, तरी तुम्ही मोजले गेलात.

तिच्या तक्त्यात विभाग चार. जपान, अमेरिका खंड, युरोप आणि ‘इतर’. आपण ‘इतर’मध्ये असू, असं वाटतं ना? निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून घेतलेलं यंत्र ज्या देशातून आलं, त्या देशाच्या विभागाच्या रकान्यात ते कधीच विकून झालेलं असतं. घासाघीस तुमची, आकडा परक्याचा.

मग खरं बोलणारे मूर्ख का? शेअर बाजाराला विचारा. सोनीने एका वर्षात अडीच कोटी प्लेस्टेशन ५ विकायचं ठरवलं होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये सांगावं लागलं, २ कोटी १० लाखच होतील. झाले २ कोटी ८ लाख. आधी ठरवलेल्यापेक्षा कमी असले, तरी आदल्या वर्षीच्या १ कोटी ९१ लाखांपेक्षा ते जास्तच होते. पण बाजाराने शेअर आपटला. आकडा सांगितला म्हणून मार खाल्ला. ज्यांनी सांगितलाच नाही, त्यांना कोण मारणार?

गुंतवणूकदारापुढे मिठाची गुळणी धरलेलं मायक्रोसॉफ्टचं तोंड एका ठिकाणी मात्र घडाघडा बोलतं. सरकारी नियामकापुढे. अॅक्टिव्हिजनच्या खरेदीला परवानगी हवी होती. त्यासाठी आपण किती दुबळे आहोत, ते पटवून देणं भाग होतं. २०२२मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा आयोगाला मायक्रोसॉफ्टने लेखी कळवलं की गेल्या पिढीत सोनीची यंत्रं आमच्या दुपटीहून जास्त खपली. सात वर्षं भागधारकांना न मिळालेली माहिती ब्राझीलच्या बाबूंना घरपोच.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कोर्टात तर याहून कमाल. कॉन्सोलची लढाई आम्ही हरलो आहोत, असं मायक्रोसॉफ्टच्याच कागदांत आलं. तिमाही बैठकीत विक्रमांची भाषा, न्यायाधीशांपुढे पदर पसरून. कंपनी एकच, वकील वेगळे.

त्याच सुनावणीत सोनीनेही कागद दिले होते. गुपित आकड्यांवर कुणीतरी हाताने काळा मार्कर फिरवला आणि कागद स्कॅनरमध्ये घातला. स्कॅन झाल्यावर शाईखालचे आकडे स्वच्छ वाचता आले. द लास्ट ऑफ अस पार्ट टूचा खर्च २२ कोटी डॉलर, होरायझन फॉर्बिडन वेस्टचा २१ कोटी २० लाख. हे आकडे गुंतवणूकदारांना कोणत्याच अहवालात मिळाले नव्हते.

इतक्या वर्षांत या धंद्यातली सगळ्यात पारदर्शक गोष्ट निघाली तो मार्कर. एव्हाना चांगल्या कंपनीचा घेतला असेल.