चार बोटं अंतर

तिरपा काप कसा घ्यावा हे शिकायचं असेल तर पुस्तकं चाळू नका. वाशिम जिल्ह्यात, शेलूबाजारकडे आमच्या मिस्त्रींच्या टिनाच्या शेडमध्ये या.

कंपनीचं टेबल सॉ विकत घेणारा माणूस पैशाने श्रीमंत असेल, पण कल्पनेने दरिद्रीच. मिस्त्रींनी अठरा एमएमच्या प्लायला एक फट पाडली, फरशी कापायचं चार इंची कटर तिच्याखाली उलटं आवळलं, लाकडाचं पातं चढवलं आणि कटरचं बटण दाबून वायरने कायमचं बांधून टाकलं. झालं टेबल सॉ. कटरसोबत पात्यावरचं पत्र्याचं झाकणही आलं होतं. ते वाया गेलं नाही, त्यात आता खिळे ठेवतात.

असं पातं मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतं. हिशेब केला तर त्याचा दात ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने धावतो. जवळूनच समृद्धी महामार्ग जातो, तिथे कारला १२० ची मर्यादा, आणि एवढ्यावरही लोक पट्टा लावतात! मिस्त्रींना हा भेकडपणा समजत नाही.

परवा देव्हारा चालला होता. चार फळ्यांच्या कडा ४५ अंशांत कापायच्या, म्हणजे कोपऱ्यात सांधा दिसत नाही. यासाठी भित्र्या लोकांनी केवढा पसारा मांडून ठेवलाय! पातं झुकवायचं ते फळी टेकवायच्या गाइडपासून लांबच्या बाजूला. गाइडकडे झुकलं तर लाकूड दोघांच्या कात्रीत अडकतं आणि उलटं मागे सुटतं, नेमकं पोटाच्या उंचीवर. पात्यामागे पाचरीसारखी पोलादी पट्टी हवी, म्हणजे काप मिटून पात्याला चिमटत नाही. पातं झुकवल्यावर प्लग काढून हाताने एकदा फिरवून पाहायचं, कुठे घासत तर नाही ना. शेवटची वीतभर फळी ढकलायला काठी. हातमोजे नकोत, कारण पातं मोज्यासकट हात ओढतं.

मिस्त्रींकडे यातलं काही लागतच नाही. त्यांचं पातं झुकत नाही, म्हणून ते फळीच झुकवतात. डाव्या हाताने फळी तिरपी उचलून धरायची, उजव्याने रेटायची. कोन डोळ्याने. गुण्या भिंतीवर टांगलेला आहे. विश्वकर्मा जयंतीला त्याला हळद-कुंकू मिळतं. काठीचं म्हणाल तर शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही इतके तुकडे पडलेत, पण त्यातला एक उचलायला वाकावं लागतं.

मधेच लाइन गेली. बटण बांधलेलंच. पात्यापाशी ढलपी अडकली होती, ती मिस्त्री बोटाने उकरू लागले. लाइन कधी परत येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बोर्डावरचा प्लग काढायला उठलो, तर म्हणाले, "बसा ना भाऊ, काई नाई होत. माहा हात बसेल हाय."

अमेरिकेत स्टीव्ह गास नावाच्या पेटंट वकिलाने १९९९ साली असं टेबल सॉ योजलं की कातडीचा स्पर्श कळताच पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. प्रात्यक्षिकाला तो बोटाऐवजी सॉसेज पुढे करत असे. शेलूबाजारच्या आमच्या शेडमध्ये सॉसेज कुठून येणार? चाचणी बोटावरच होते. फिरत्या यंत्राला आडोसा हवा, हे आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलं गेलं. पण तो कायदा कारखान्यांचा. मिस्त्री आणि दोन पोरं यांनी मिळून काही गमावलं तर तो घरगुती मामला.

लाइन आली आणि काप झाला. सांध्यात पैसा उभा राहील एवढी फट होती. तीत भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरला, वर पॉलिश मारलं. देवाची काही तक्रार नाही.

पोरांना मात्र मिस्त्री जपतात. नवा पोरगा फळी धरायला आला की बजावतात, "पात्यापासून चार बोटं अंतर ठेव रे बाप्पा," आणि अंतर दाखवायला आपला डावा हात पात्याशेजारी आडवा धरतात. त्या हाताला अंगठा सोडून अडीच बोटं आहेत. पोरगा तेवढंच अंतर ठेवतो.