काकू, पहार आणि लीक

"अगं, लीकच्या रोपाला पहार कशाला? विहीर खणतेस की काय?"

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिला लागून मेंदीची रांग. मेंदी छाटायच्या निमित्ताने काकू रोज सकाळी कात्री घेऊन येतात. मेंदी काही कमी होत नाही. काकू उन्हाळ्यापासून न्यूकॅसलला मुलाकडे होत्या, दिवाळीच्या तोंडावर नाशिकला परतल्या, आणि तेव्हापासून राहून गेलेल्या बोलण्याचा अनुशेष या भिंतीवरून भरून निघतो आहे.

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना, सहा इंच खोल भोक हवं? आपल्या काळ्या मातीत ते बोटानं होतंय का?"

"तिकडे लाकडी खुंटी असते. मोडक्या फावड्याचा दांडा तासून केलेली. बरं, पहार तर पहार. आता त्यात रोप सोड. सोड नुसतं! माती लोटू नकोस."

"मग उभं कसं राहील?"

"पाणी घाल. भोक भरेल एवढं. पाण्याबरोबर सुटेल तेवढीच माती मुळांवर बसू दे, वरचं भोक उघडंच राहू दे. दांडा फुगायला जागा लागते, आणि तो जितका अंधारात तितका पांढरा."

मी कांद्याच्या मुलखातली. कांद्याचं रोप ओल्या वाफ्यात अंगठ्यानं दाबून बसवायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. भोकात पोरकं सोडलेलं हे रोप बघून माझा हात आपोआप मातीकडे जात होता आणि काकू पलीकडून "अंहं!" करत होत्या. पण विचार केला तर त्यात तथ्य आहे. लीक कांद्यासारखा खाली गड्डा धरत नाही. आपण ज्याला त्याचा दांडा म्हणतो तो खरं म्हणजे दांडाही नाही, एकमेकींवर घट्ट गुंडाळलेल्या पातींची बुडं आहेत ती. ऊन लागलं की ती हिरवी आणि राठ होतात, झाकून ठेवली तर पांढरी, कोवळी राहतात. तेव्हा खोल लावायचं आणि रोप वाढेल तशी मातीची भर देत जायचं, एवढीच सगळी कारागिरी. फक्त आमच्या मातीत मी शेणखत आणि थोडी वाळू मिसळून घेतली. नुसती काळी माती वाळली की भोकाच्या भिंती विटेसारख्या कडक होतात.

"रोपं छान झालीत हो. पेन्सिलीएवढी. बी मिळालं ना इथं?"

"मिळालं. तुम्ही आणणार होतात ना?"

"मुलानं ब्यागेतून काढून ठेवलं! म्हणे, आई, बियाणं असं परदेशातून नेता येत नाही, परवाना लागतो, दाखला लागतो. मी म्हटलं, चिमूटभर तर आहे. तर मला म्हणतो, रोगही चिमूटभरच येतो." काकूंनी कात्री भिंतीवर ठेवली. म्हणजे आता खरी गोष्ट सुरू होणार. "आणि शेजारच्या आजोबांनी तर बी दिलंच नसतं. ते बी लावतच नाहीत."

"मग?"

"सांगते. ते आजोबा मूळचे अ‍ॅशिंग्टनचे. न्यूकॅसलच्या वरच्या अंगाला गाव आहे, पूर्वी कोळशाच्या खाणींचं. वडील खाणीत, हे खाणीत. फुटबॉलचे ते चार्ल्टन बंधू त्याच गावचे म्हणे. तुझ्या काकांना ते कळल्यापासून काका रोज त्यांच्या मागे मागे. तर तिकडे नगरपालिका भाजी लावायला जमिनीचा तुकडा भाड्यानं देते. पुरा तुकडा म्हणजे आपले अडीच गुंठे. दिवसभर जमिनीखाली काळोखात राबायचं आणि वर आलं की लीकशी बोलत बसायचं, हे त्या लोकांचं पिढ्यान् पिढ्यांचं वेड. आणि लीक म्हणजे खायचा नव्हे हं! स्पर्धेचा."

त्या लीकची जातच वेगळी, असं काकूंनी हातवारे करून सांगितलं. बुटका आणि मनगटाहून जाड. 'पॉट लीक' म्हणतात. बुडापासून पहिली पात फुटते तिथपर्यंतची उंची सहा इंचांच्या आत पाहिजे, वर गेला की बाद. मग घेर मोजायचा, उंची मोजायची, आणि दोन्हींवरून घन इंच काढायचे. ज्याचे घन इंच जास्त तो जिंकला. एकटा लीक चालत नाही, जोडी लागते, आणि जोडी दिसायलाही सारखी हवी.

"आता जोडी सारखी कशी येणार बियांपासून? एका आईची पोरं तरी सारखी असतात का? म्हणून हे लोक काय करतात, लीकला डेंगळे येऊ देतात. आपण डेंगळा दिसला की तोंड वाकडं करतो ना, ते तो जपतात. वरच्या गोंड्यातली फुलं कात्रीनं साफ भादरून टाकतात. मग त्या बोडक्या गोंड्यावर गवतासारखी इवली इवली रोपं फुटतात. ती खुडून लावायची. आईची हुबेहूब नक्कल! चांगला वाण हाती लागला की घराण्याचा दागिना. आजोबांनी मला दोनदा चहा पाजला, पण ते गवत लांबूनच दाखवलं."

"आणि खत?"

"ते बायकोलासुद्धा सांगत नाहीत. पिंपात काहीतरी कुजत घातलेलं असतं, वास येतो. बियर ओततात म्हणतात. कोण कशाला खरं सांगेल?"

इथपर्यंत मी रोपं सोडत होते. पुढचं ऐकून हात थांबले. काकूंनी आवाज खाली आणला, जणू तो सगळा इंग्लंड आमच्या गल्लीत कान देऊन उभा होता.

"स्पर्धा सप्टेंबरात. त्याच्या आधीच्या रात्री माणसं मळ्यात झोपायला जातात. खोपटात खुर्ची टाकून, बॅटरी घेऊन. का? तर कोणीतरी येऊन लीक कापून जातं! चोरत नाही हं, नुसतं सुरीनं चिरून जातं. वर्षभराची मेहनत गेली. आजोबा म्हणाले, आमच्यात एका माणसाचा आख्खा वाफा असा गेला. मी विचारलं, कोणी केलं? तर म्हणाले, सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, मग पकडत का नाही? तर म्हणाले, तो माझ्या बायकोचा मामेभाऊ आहे."

हे शेवटचं खरं की काकूंनी विमानात बसल्या बसल्या जोडलं, ते मी विचारलं नाही. बाकी रात्रीची पहारेदारी आणि चिरलेले लीक ही त्या भागातली जुनी, जाहीर गोष्ट आहे.

"एवढं करून मिळतं काय?"

"आता पैसे. पूर्वी घरात लागणाऱ्या वस्तू असायच्या, खुर्च्या-पलंगांपर्यंत. सभासद वर्षभर दर आठवड्याला थोडी थोडी वर्गणी भरतात, आपल्या भिशीसारखी, त्यातून बक्षिसं. आणि प्रदर्शन संपलं की त्या बक्षीसपात्र लीकचं सूप करून सगळ्यांना वाटायचं. मला ते आवडलं बाई. ज्यानं हरवलं त्यालाच खाऊन टाकायचं."

मला विचाराल तर हा सगळा पुरुषी खटाटोप आहे. भाजी मोजायची कशाला? मी आपला साधा लांबट लीक लावते आहे, दोन रोपांत सहा-सात इंच, दोन ओळींत फूटभर. आपल्याकडे त्याला थंडी गाठून द्यावी लागते: पावसाळा सरता सरता बी, थंडी पडू लागली की लावणी, उन्हाळ्याच्या आत काढणी. तिकडे बर्फातसुद्धा तो वाफ्यात तसाच उभा असतो आणि लोक लागेल तसा उपटून आणतात. इथं मार्चचं ऊन लागलं की राठ. शत्रू मात्र ओळखीचेच, कांद्याचेच. थ्रिप्स आले की पात पांढुरकी पडते, ढगाळ हवा आली की करपा. तिकडे त्याला तांबेरा फार पडतो, असं काकू म्हणाल्या. आणि कांदा-लसूण जिथं नुकता काढला त्या वाफ्यात हा लावायचा नाही, हेही तिथलं आणि इथलं सारखंच.

"सुनेनं पहिल्यांदा केला तेव्हा दातात कचकच," काकू म्हणाल्या. "पातींच्या घड्यांत माती जाऊन बसते. उभा चिरायचा, पानं फाकवून नळाखाली धरायचा. मग बारीक चिरून मंद आचेवर, झाकण ठेवून. कांद्यासारखा लाल करायला जाशील तर कडू होतो. मी मग त्याची पीठ पेरून भाजी केली. पातीच्या कांद्याची करतो तशीच, पण याला शिजायला जास्त वेळ लागतो. अगदी गोडसर झाली. आजोबांना वाटीभर दिली, तर त्यांनी विचारलं, याच्यात बेसन कशाला?"

"कधी केलीत?"

"ऑगस्टात असेल. का?"

"नाही, चातुर्मास होता ना. तुम्ही कांदा-लसूण खात नाही ना चातुर्मासात? कांदेनवमीला मला व्हिडिओ कॉलवर भज्यांचं ताट दाखवलं होतंत, आता कार्तिकीपर्यंत बंद म्हणून."

मेंदीची एक फांदी कचकन तुटली.

"लीक म्हणजे कांदा नव्हे," काकू म्हणाल्या.

"त्याच गोत्रातला आहे, काकू. कांदा, लसूण, लीक, सगळी भावंडं."

"सख्खी नाहीत. गड्डा कुठे धरतो तो? तूच आत्ता म्हणालीस. आणि आपल्या शास्त्रात लीकचं नाव तरी आहे का? शिवाय औषधी आहे तो. तो रोमचा नीरो महिन्यातले ठरावीक दिवस नुसता तेलातला लीक खायचा, भाकरीसुद्धा नाही, का तर आवाज चांगला राहावा म्हणून. गायचा ना तो. तुझ्या काकांनीच वाचून दाखवलं."

"म्हणजे नीरोचा उपवासच की तो."

"बघ!"

काका तेवढ्यात मागच्या दारात आले. हातात पेपर. "सांगितलंस का तिला, आल्यावर वन्संनी काय विचारलं ते?"

"तुम्ही आत जा," काकू म्हणाल्या, आणि मला, "वन्सं विचारत होत्या, तिकडे सूप कसलं प्यायचीस. मी म्हटलं, बटाट्याचं. बटाटा होताच त्यात." मग शेवटचं रोप सोडेपर्यंत त्या गप्प राहिल्या, हे विशेष. मी झारी घेऊन ओळीने पाणी घालत गेले. भोकं भरली, बुडबुडे आले, पाणी खाली गेलं.

"मार्चपर्यंत संपतील गं हे सगळे?"

"संपतीलच. उन्हाळ्यात टिकणार नाहीत. आषाढात तर नावही नाही."

"मॉलमध्ये मिळतात म्हणे पण," काकू कात्री उचलत म्हणाल्या. "बाराही महिने?"