नवऱ्याले आवतण नाही

दुर्गापूरची दुपार. कंपाउंडच्या अलीकडे थर्मलच्या पाण्याच्या लॅबमधून रिटायर झालेल्या काकू, पलीकडे वहिनी.

"ऐकलं का वो काकू? वरोऱ्याकडच्या आमच्या मावसबहिणीची पोरगी. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, अन् निरोप धाडला, पोरीचे दात पिवळे आहेत म्हणून!"

"नवरदेवाचे पाह्यले का कोणी? अव, पोरीचा काय दोष? बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असंल. लहानपणी दात घडतानाच डाग बसते, मग किती घासा."

"उकळून पीत होते ना पण."

"काय बाई! वाफ उडून जाते, फ्लोराईड मागंच राहते. पाणी उलट दाट होते."

"आता आरओ बसवला म्हणे. त्याची चाळणी लय बारीक असंल?"

"नुसती चाळणी नाही ना! आतल्या सच्छिद्र प्लास्टिकवर पॉलिअमाईडचा एक थर असते, केसाहून कितीतरी पातळ. त्याच्यावर ऋण भार. फ्लोराईडचाही ऋणच. मग तो थर त्याले दूर ढकलते."

"अन् सोडियम? तो धन ना? तो तर खुशाल घुसंल!"

"घुसाले पाहते, पण एकट्याले जमत नाही. पलीकडे नुसता धन भार साचला की तोच त्याले मागं ढकलते. लग्नाचं आवतण नवऱ्याले नसलं, तर बायको एकटी जाते का?"

"आमच्या जाऊबाई जातीन!"

"तशा थोड्याफार निसटतेच. म्हणून आरओच्या पाण्यातही जरासे क्षार राहते. अन् पडदा आम्लानं धुतला, तर पहिलं पाणी सोडून द्यायचं बरं. आम्लात थराचा भार उतरते, फ्लोराईडले हायड्रोजन चिकटते, अन् बिनभाराचा होऊन तो आरामात पार होते."

"थर्मललेही आरओच होता का?"

"आमच्याकडे इरई धरणाचं पाणी. बॉयलरसाठी ते रेझिनमधून काढत. रेझिनच्या मण्यात ऋण भार जागोजागी बांधलेले, धन आयन एकावरून दुसऱ्यावर सरकत आत जाते. सोडियम भराभर जाते. कॅल्शियमचा भार दुप्पट, तो चिकटते घट्ट अन् सरकते हळू."

"बरं, ह्या आरओचं सोडलेलं पाणी बहीण गाईले पाजून राहिली. वाया काहून घालवाचं म्हणते."

"अव, त्यात तर बोअरपेक्षा जास्त फ्लोराईड! फरशी पुसा म्हणा, संडासात टाका. गाईले दात-हाडं नाही का? लाव आत्ताच फोन."