अण्णांची लाइन

"लाइन आलीये का गं?"

सकाळी पावणेसहाला तळमजल्यावरून ही हाक आली की नव्या बिऱ्हाडकरूची पंचाईत होते. काय आलंय का म्हणून विचारतायत? वीज? नळाला पाणी? आम्हा जुन्यांना हेलावरून कळतं. 'आलीये' आखूड असलं तर वीज. 'लाइन' लांबवली तर पाणी. सगळं वाक्य एका दमात, घाबऱ्याघुबऱ्या आलं तर इंटरनेट, कारण नातवाचा सकाळचा क्लास ऑनलाइन असतो. काकू आतून तिन्हीला एकच उत्तर देतात, "आलीये." ते उत्तर कशाबद्दल असतं, हे अजून अण्णांनाही कळलेलं नाही.

आम्ही राहतो पनवेलच्या लाइन आळीत. आता 'आळी' म्हणजे मुळात ओळच. घरांची ओळ ती आळी. म्हणजे आमचा पत्ता झाला 'ओळीची ओळ'. मिडल क्लास सोसायटी नावाची खरीखुरी सोसायटी ज्या गावात आहे, तिथे याचं कुणाला विशेष वाटत नाही. मी हा शोध मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितला. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "डबल लाइन. कर्जतला जायला एकच लाइन होती ना, तेव्हासुद्धा आपल्याकडे डबल होती."

अण्णांसारखा माणूस प्रत्येक आळीत एक तरी असतो. त्याच्याकडे शब्दांचा एकच पान्हा असतो आणि तो सगळ्या नटांना बसतो. कुणाचा पान्हा 'सिस्टीम' असतो, कुणाचा 'मॅटर'. पुण्याच्या माझ्या एका मेव्हण्याचं सगळं आयुष्य 'प्रोसेस'मध्ये आहे. परवा त्याने साबुदाणा भिजत घातला, तीही प्रोसेसच होती. अण्णांचा पान्हा 'लाइन'.

दिसायलाही ते तसेच. उंच, काटकुळे, ताठ. डोक्यावर राहिलेल्या केसांतून भांग असा की गवंड्याने सूत धरून पाडावा. वडाळे तलावाला रोज सकाळी तीन फेऱ्या, त्याही कडेच्या फरशीवर, फरशीचा सांधा न सोडता. समोरून कुणी आडवा आला तर अण्णा थांबतात, पण सांधा सोडत नाहीत.

या फेऱ्यांत त्यांच्याबरोबर इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर असतात. मास्तरांनी एकदा सांगितलं की इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट' या शब्दाला आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ दिलेत. आता म्हणे 'रन' पुढे गेलाय. अण्णा अर्धी फेरी गप्प होते. मग म्हणाले, "त्या मंडळींना आठवडाभर पनवेलला पाठवा. आमच्याकडे उतरतील."

आणि खरं सांगायचं तर अण्णांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. लाइन येते, जाते, तुटते, फुटते, तुंबते, लागते. लाइन लावतात, मारतात, देतात, सोडतात, टाकतात. नाम तेच, राबतं ते क्रियापद. फुटली म्हटलं की पाण्याची, हे पोरालाही कळतं. तुंबली म्हटलं की नाकाला रुमाल जातो. तुटली ती फोनची. मारतात ती कॉलेजच्या कट्ट्यावरून. देतात तीही तिथूनच, पण फार कमी वेळा. लावतात ती रेशनला, आणि ज्याचं कुठेच बस्तान बसत नाही अशा पुतण्याला काका 'लाइनला लावतात', ते वेगळं. इंग्रजाला सोळा निरनिराळे शब्द जोडून जे सांगावं लागतं, ते आपण शेपटाला एक क्रियापद बांधून मोकळे होतो. परत लाइन आली ती बाई होऊन आली. इंग्रजीत तिला ना लिंग ना काही. इथे रांग, ओळ, रेषा आणि आळी या चौघी आधीच बसलेल्या, त्यांनी तिला हाताला धरून आपल्यात घेतलं. तिचं अनेकवचन 'लायनी' झालं, आणि 'लायनीत या' म्हणताना ती इंग्रजी आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

अण्णा स्वतः कुठल्या लाइनमध्ये होते, हा आळीतला जुना वाद आहे. कुणी म्हणतं तळोजाला केमिकल लाइनमध्ये. कुणी म्हणतं विम्याच्या. मधे काही वर्षं ते जागेच्या लाइनमध्ये होते हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण तेव्हा निम्मं पनवेल त्याच लाइनमध्ये होतं. १९९८ ला हार्बरची लोकल पनवेलला टेकली तेव्हा एक लाट आली. २०१८ ला विमानतळाची पायाभरणी झाली तेव्हा दुसरी. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं तोवर आमचा न्हावीसुद्धा कात्री चालवता चालवता 'एक लाइनीतला कॉर्नर प्लॉट आहे' असं कानात सांगायला लागला होता. अण्णांनी त्या काळात एकही जागा विकली नाही. गिऱ्हाईक आलं की ते त्याला रस्त्याची लाइन, पाण्याची लाइन, डोक्यावरून जाणारी हायटेन्शन लाइन, सगळ्या प्रामाणिकपणे दाखवत. शेवटची दाखवली की गिऱ्हाईक जाई.

पण त्यांची पहिली लाइन पेपरची. हे ते क्वचित सांगतात, आणि सांगतात तेव्हा आवाज उतरतो. शाळेत असताना पहाटे सायकलवरून त्यांनी पेपरची लाइन टाकली, चार वर्षं. ही लाइन म्हणजे ठरलेली घरं, ठरलेल्या क्रमाने. ती मालकीची असते. विकता येते, मुलाला देता येते. अण्णांची स्वतःची नव्हती, दुसऱ्याची टाकत होते. आजही आळीतली घरं त्यांना माणसांच्या नावाने आठवत नाहीत. "तो लोकसत्ता. त्याच्या वरचा नवाकाळ. पलीकडे मटा, पण रविवारीच." एकदा मला त्यांनी पेपराची घडी करून दाखवली. आधी उभी, मग तिरपी, टोक आतल्या पदरात खोचून अंगठ्याने दाबायचं, की झाला चपटा बाण. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावरून आत, पण कुंडीला न लागता. म्हणाले, "कुंडी फुटली की पगारातून." आणि सत्तरीच्या त्या माणसाने खालून माझ्या गॅलरीत पेपर फेकला. कुंडीला लागला नाही. माझ्या चहात पडला.

लाइनमुळे अण्णांनी केलेला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न. ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलीला मामा नाही, म्हणून बोलणी करायला अण्णा बसले. पाहुणे बदलापूरचे. पोहे आले. अण्णांनी घसा साफ केला.

"मुलगा कुठल्या लाइनला?"

"आयटी लाइनला," मुलाचे वडील म्हणाले.

"ते कळलं. राहायला कुठल्या लाइनला?"

"मेन लाइन. बदलापूर."

अण्णांचा चेहरा पडला. मुलगी वाशीला नोकरीला. त्यांनी बोटांवर हिशोब घातला: बदलापूरहून ठाणे, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, तिथून वाशी, संध्याकाळी हेच उलटं. रविवारी मेगाब्लॉक, तो निराळा. शेवटी त्यांनी मुलाच्या आईकडे पाहून थेट विचारलं, "लाइन बदलायची तयारी आहे का?"

बाई ताठ झाल्या. "पाच वर्षं एकाच कंपनीत आहे तो. लाइन कशाला बदलेल? आणि तुम्हाला कुणी काही सांगितलं असेल तर स्पष्ट बोला."

"अहो, मी माणसाचं नाही, गाडीचं बोलतोय."

एवढ्यात कोपऱ्यातून मुलीची आजी, जिला या सगळ्यातला एकच शब्द ऐकू आला होता, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आधी कुठे लाइन होती का, ते पण विचारून घ्या."

खोलीतला प्रत्येक माणूस पोह्यांतले शेंगदाणे मोजायला लागला. आणि मुलगा, जो तोवर एक अक्षर बोलला नव्हता, तो म्हणाला, "होती आजी. लँडलाइन. गेल्या वर्षी काढली."

माझं मत असं की तो जावई त्या एका वाक्यावर पसंत झाला. अण्णांचं मत असं की त्यांनी बोलणी लाइनवर आणली. दोघं आता खारघरला भाड्याने राहतात. हार्बर लाइनला. अण्णा याचं श्रेय घेतात.

मास्तरांचं आणि अण्णांचं मात्र एकदा बिनसलं. विषय मरीन लाइन्स. अण्णा सहज म्हणाले की मुंबईत एका स्टेशनाला लाइनचंच नाव आहे, तेही अनेकवचनी, कारण तिथून किती लाइनी जातात बघा. मास्तर म्हणाले, त्या रुळांच्या लाइनी नव्हेत. मरीन बटालियनच्या बराकी होत्या तिथे, पलटणीच्या राहण्याच्या जागेला इंग्रज 'लाइन्स' म्हणत. "मग आपली पोलीस लाइन?" अण्णांनी विचारलं. "त्यातलीच." दोन दिवस अण्णा तलावावर आले नाहीत. रेल्वे स्टेशनात रेल्वेची नसलेली लाइन असावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

समेट झाला तो आमच्या ओट्याच्या कामावर. ओटा खचला होता. मिस्त्री आला, दोन टोकांना दोन खिळे ठोकले आणि खिशातून गुंडाळलेली लाइनदोरी काढली. अण्णा हजर होतेच. मिस्त्रीने दोरी ताणून बांधली, मधोमध चिमटीत धरली, वर उचलली आणि सोडली. टण्ण. दोरी थरथरून स्थिर झाली आणि वाकडातिकडा सगळा ओटा तिच्यापुढे एकदम उघडा पडला. कुठे बोटभर वर, कुठे दोन बोटं खाली. मी इतकी वर्षं त्या ओट्यावर बसलो, मला तो सपाट वाटत होता. अण्णा वाकून, एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत बघत होते. मिस्त्री म्हणाला, "बाजूला व्हा अण्णा, लाइनला धक्का लागंल." अण्णा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून बाजूला झाले.

मास्तर कठड्याला टेकून बघत होते. ते म्हणाले, "हाच मूळ अर्थ, अण्णा. लाइन म्हणजे आधी दोराच. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्याच धाग्याची दोरी ती 'लिनेआ'. तिची झाली लाइन. रूळ, रांग, तार, सगळं मागाहून आलं."

"जवस?" अण्णा म्हणाले. "आपलं जवस?"

"आपलं जवस."

अण्णा आत गेले आणि काचेची बरणी घेऊन आले. काकू सोलापूरकडच्या, त्यांच्या घरी जवसाची चटणी बारा महिने. अण्णांनी बरणी दोरीशेजारी ओट्यावर ठेवली आणि एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले, जत्रेत हरवलेल्या बहिणी भेटाव्यात तसे. मिस्त्रीला वाटलं चटणी त्याच्यासाठी आणलीये. त्याने डब्यातली भाकरी काढली. काकू दारात उभ्या होत्या. अण्णांच्या तोंडून दिवसाला शंभर वेळा निघणारा तो शब्द त्या स्वतः चुकूनही वापरत नाहीत. 'रांग' म्हणतात, 'ओळ' म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं हीच चटणी खाताय. अजून लायनीत आला नाहीत."

गेल्या महिन्यात नातवाने अण्णांसाठी चष्म्याची दोरी मागवली, ऑनलाइन. दुपारी डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला. पोरगा बाहेरगावचा, पनवेलला नवा. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे आळीने ऐकला.

"सर, पत्त्यात लाइन आळी लिहिलंय. ती कुठल्या लाइनला येते?"

अण्णांनी तोंड उघडलं. मिटलं.

"कुठल्या लाइनला म्हणजे?"

"म्हणजे सर, शिवाजी चौकाच्या लाइनला, का स्टेशनच्या लाइनला?"

"अरे, लाइन आळी म्हणजेच लाइन."

"हो सर, पण कुठली?"

आम्ही सगळे आपापल्या गॅलरीत थांबलो होतो. आयुष्यभर लोकांना हा प्रश्न विचारलेल्या माणसाला तो पहिल्यांदाच कुणी उलटा विचारला होता. अण्णांनी चौकाकडे पाहिलं, स्टेशनच्या बाजूला पाहिलं, आणि म्हणाले, "तू जिथे आहेस तिथेच थांब. मीच येतो. फोन ठेवू नकोस, लाइनवर राहा."

पलीकडून टुक-टुक ऐकू आलं. अण्णा वाकून चप्पल शोधायला लागले.

"काय झालं हो?" आतून काकू.

"अगं, लाइन गेली."

काकूंनी सवयीने पंख्याचं बटण खालीवर करून पाहिलं. पंखा चालू होता.