आजार म्हशीला

मोटारसायकलचं इंजिन बिघडलं तर लोक मेकॅनिकचा पत्ता देतात. हँडल थरथरायला लागलं तर थेट निदान देतात. तेही गाडीला हात न लावता.

माझ्या गाडीचं दुखणं साधं होतं. साठच्या वेगात थ्रॉटल सोडला, की पन्नास ते चाळीसच्या दरम्यान हँडल 'नाही, नाही' म्हणायला लागायचं. पकड घट्ट असली तर गप्प. जरा सैल केली की सुरू.

ज्याचा जो धंदा, तिथेच त्याला रोग सापडतो. पंक्चरवाल्याने हवा तपासली आणि पुढे २५, मागे ३२ करून दिली. टायरवाल्याने पुढच्या टायरवरून तळवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवत. "कपिंग झालंय साहेब, जोडीच बदला." तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका लांबूनच म्हणाले, "चासी वाकलीय. पडला होतात?"

"नाही."

"मग आठवत नसेल."

शेवटी नाना पेठेतल्या एका मेस्त्रीकडे गेलो. हा माणूस मात्र पद्धतीचा. गाडीला लावलेली पेटी पोऱ्याने खटकन काढून फळीवर ठेवली. गाडी मेन स्टँडवर, पोऱ्या मागच्या सीटवर, पुढचं चाक हवेत. मेस्त्रीने खाली बसून दोन्ही शॉकअपचे पाय धरले आणि मागेपुढे ढकलले. आतून बारीक 'टक' आला. "कोनसेट." मग हँडल एका बोटाने हळूहळू फिरवलं, तर बरोबर मधोमध अडकलं. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर दणके खाऊन बेअरिंगच्या वाट्यांना तिथे खड्डे पडतात, म्हणून. मग चाक वरखाली धरून हलवलं, बेअरिंग ठीक. रिमजवळ पेन धरून चाक फिरवलं. एका जागी रिम पेनाला घासून गेली. पान्याने आरे वाजवत गेला; बहुतेक 'टण' बोलले, दोन 'टप' बोलले. त्या दोघांना आवळलं, रिमचा आऊट काढला, नवा कोनसेट बसवला. ट्रायल मारून आला आणि म्हणाला, "मख्खन!"

मीही मारली. खरंच मख्खन. पैसे दिले, पेटी लावली, निघालो. स्वारगेटच्या अलीकडेच हँडल पुन्हा 'नाही, नाही'.

परत गेलो. पुन्हा पेटी फळीवर, पुन्हा ट्रायल, पुन्हा मख्खन. मेस्त्री आता गाडीपेक्षा माझ्याकडे निरखून बघू लागला. कोनसेट जास्त आवळला तरी गाडी झोकांड्या खाते, म्हणून त्याने तो अर्धा आटा सैल करून पाहिला. तेवढ्यात पोऱ्या म्हणाला, "काका, पेटी लावून ट्रायल मारा ना."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. बरोबर तोच होता.

पुढचं चाक दवाखान्यातल्या स्ट्रेचरच्या चाकासारखं असतं. ते जमिनीला जिथे टेकतं ती जागा हँडलच्या आसाच्या रेषेच्या जरा मागे असते, म्हणून चाक आपोआप सरळ होतं. सरळ होताना थोडं पलीकडे जातं, परत येतं. एरवी ही झुलाझुल विरून जाते. पण मागच्या आसाच्याही मागे वजन टांगलं की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि ते सेकंदाला चार ते दहा हेलकावे घेत बसतं. माझ्या पेटीत रेनकोट, साखळी-कुलूप, पाण्याच्या बाटल्या आणि मंडईतले कांदे-बटाटे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच: थरथर पुढे म्हणून खर्चही पुढेच. त्यातून कोनसेट खरोखरच गेलेला, त्यामुळे मेस्त्रीशी भांडायचीही सोय नाही.

खरी अडचण वेगळीच. पेटी मेहुण्याने हौसेने दिलेली. तांत्रिक दोष बायकोच्या भावाकडून आला आहे, हे निदान कुठल्याही गॅरेजात मिळतं. घरात मांडता येत नाही. त्यामुळे घरी 'कोनसेट गेला होता' एवढंच सांगितलंय. पेटी गॅलरीत कांदे-बटाटे सांभाळते आहे.

भाऊबीजेला मेहुणा येतोय. फोनवर पहिला प्रश्न तोच, "दाजी, पेटी कशी काय?" त्या दिवसापुरती ती पुन्हा चढवायची, रिकामी, आणि त्याला स्टेशनवरून आणताना काटा चाळिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलंय. हळू का चालवता असं विचारलंच, तर सांगेन, पुण्याचं ट्रॅफिक. यावर कुणालाच शंका येत नाही.