बेवड

पोखर्णी नृसिंहच्या स्टेशनावर उतरणाऱ्या मामांच्या पिशवीत परभणीहून येताना तीन गोष्टी ठरलेल्या: बियाण्याची पुडी, बिडीचं बंडल आणि ग्रंथालयाची दोन पुस्तकं. दोन्ही एकमेकांचं तोंडही पाहणार नाहीत अशी. एकदा वर बाबुराव अर्नाळकर होते, खाली नेमाड्यांचं ‘टीकास्वयंवर’. अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त कादंबऱ्या. नेमाड्यांच्या या एका पुस्तकाला 1991 चा साहित्य अकादमी पुरस्कार. मामांनी दोघांनाही एकाच खताच्या पोत्याचं कव्हर घातलं होतं.

“हे कसं काय जमतं, मामा?”

“बेवड पाहायचा, सर. कापसावर कापूस घ्या बरं, चौथ्या वर्षी जमीन काय म्हणती? डोस्क्याचं तसंच. बाबा कदम झाले की हरभऱ्यासारखं काहीतरी घ्यावं. टीका म्हणजे हरभरा. दिसायला आखूड, पण रान सुधरवती.”

हंगामही ठरलेला. पेरणीच्या धांदलीत बाबा कदम. ज्वारीच्या राखणीला माचावर नारायण धारप, “रानडुकरं येतात ती येतात, पण झोप येत न्हाई.” घरी मात्र धारप वाचायचे ते उंबऱ्यावर बसून. ना आत, ना बाहेर. गावचा देवच अर्धा सिंह, अर्धा नर, त्यानं हिरण्यकशिपूला मारलं तेही उंबऱ्यावरच. तिथं भुताची काय बिशाद! मामी म्हणते, देवानं निदान तिन्हीसांजेला काम उरकलं, हे रात्रभर वाट अडवून बसतात.

आता हा माणूस सगळं वाचतो म्हणून त्याला सगळं सारखंच वाटतं, असा गैरसमज माझाही होता. एकदा त्यांनी वाचलेली रहस्यकथा हाती आली. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘फौजदाराच्या घरचं कोणीच कसं येत नाही? जीवनदर्शन तोकडं.’ आणि टीकेच्या पुस्तकात, एका नामवंत कादंबरीची चिरफाड सुरू होते तिथं: ‘मुडदा पहिल्याच पानावर. आता हत्यार कोणतं ते पाहू.’ ग्रंथपालांनी पेन्सिलीबद्दल दंड केला. मामांनी तो भरला आणि पावती खूण म्हणून त्याच पानात घातली.

टीकाकारांत कुरुंदकरांवर विशेष लोभ. ते 1932 साली नंदापूरला जन्मले, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले. नंदापूर 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात गेलं हे मी सांगितलं, तर म्हणाले, “सातबारा गेला असंल. माणूस आपलाच.”

परवा मी गंगाखेडला निघालो होतो, मामा गाडीत समोरच. म्हटलं, मामा, मला एखादं सुचवा.

“याच्याआधी काय पेरलतं?”

“लागोपाठ तीन रहस्यकथा.”

त्यांनी माझ्याकडे वाणी लागलेल्या रानाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पिशवीतून म. वा. धोंडांचं ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ काढून दिलं. स्वतः ‘धार आणि काठ’ उघडून बसले. कुरुंदकर तिथं मराठी कादंबऱ्यांचा हिशेब मांडतात. मामांची बिडी हातात तशीच, न पेटवलेली.

पोखर्णी आलं. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मामांनी मान वर न करता एक बोट उभं केलं.

“थांबा हो सर, निकाल लागायलाय.”

गाडी हलली.